लावणीच्या दिवसांत पायांचे मर्दन

भातलावणीच्या दिवसांत औताच्या बैलाचा खांदा सुजला तर शेतकरी त्यास विसावा देतो; पॉवर टिलरला वेळेवर तेल घालतो. स्वतःच्या पायांकडे मात्र रात्री ठणका लागेपर्यंत तो पाहत नाही. स्त्रियांच्या पायांची तर याहूनही उपेक्षा होते. कोकणच्या खाचरांत दिवसभर ओणवे राहून लावणी बहुधा त्याच करतात आणि घरी येऊन पुन्हा चुलीपाशी उभ्या राहतात.

चिखलातून पाऊल उपसताना दर वेळी बोटे आवळली जातात व पोटरीवर ताण पडतो. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्यात एक चिवट पट्टा असतो. पावलाची कमान तोलून धरण्यास त्याचे मोठे साहाय्य होते. दिवसभर ताणला गेलेला हा पट्टा रात्री आखडतो. म्हणून सकाळी पहिली चार पावले टाकताना टाचेत कळ येते व थोडे चालल्यावर ती कमी होते. पुष्कळजण तिला वात समजून सोडून देतात.

यावर स्वतःच्या हाताने केलेले मर्दन उपयोगी पडते. संध्याकाळी पाय कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करावेत. जोत्यावर बसून एक पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावे व तळव्यास खोबरेल चोळावे. दोन्ही अंगठ्यांनी टाचेकडून चवड्याकडे सावकाश दाबत जावे. सोसवेल इतकाच दाब द्यावा. कळ काढून चोळण्यात काही लाभ नाही. मग बोटे एकेक करून हलकी ओढावीत आणि शेवटी पोटरी घोट्याकडून वर चोळावी. एका पायास पाच मिनिटे पुरतात. वाकणे जमत नसल्यास फावड्याच्या जुन्या दांड्याचा गुळगुळीत तुकडा पायाखाली घेऊन बसल्या बसल्या मागेपुढे फिरवावा. (घरातले लाटणे या कामी घेऊ नये, हे सांगावयास नकोच.)

सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी पायाची बोटे हाताने स्वतःकडे ओढून दहा अंक मोजेपर्यंत धरावीत. असे दहा वेळा करावे. टाचदुखीवर हा उपाय मर्दनाइतकाच महत्त्वाचा आहे.

काशाच्या वाटीने तळवे घासण्याची आपली जुनी रीतही चांगली. मात्र त्या वेळी तेल काळे पडते ते अंगातील उष्णता निघाल्यामुळे, ही समजूत खरी नव्हे. काशातील धातूचा अंश तेलात मिसळतो, एवढेच.

मर्दन कोणी करू नये, हेही नीट ध्यानात ठेवावे. भेगांतून रक्त येत असेल, चिखल्या झाल्या असतील किंवा जखम असेल, तर त्या जागी चोळू नये. अशा पायांनी उघडे चिखलात उतरणेही धोक्याचे. उंदरांच्या मूत्रातून चिखलात आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू तेथूनच शरीरात शिरतात. लावणीच्या दिवसांत ताप येऊन अंग दुखू लागल्यास ती नुसती थकावट समजू नये, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. एकच पोटरी सुजून गरम व दुखरी झाली असेल, तर ती मुळीच न चोळता डॉक्टरांस दाखवावी. मधुमेही माणसाच्या तळव्याची संवेदना मंदावलेली असू शकते. त्याने दांडा फिरवू नये, पाण्याची ऊब कोपराने पाहावी आणि रोज तळवे तपासावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही कृती नुसती सांगू नये, स्वतःच्या पायावर करून दाखवावी. स्त्रियांसाठी हे काम बचत गटातील एखाद्या भगिनीकडे सोपवावे, आणि तेही लावणी सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात. नंतर कोणास सवड नसते.