पाडव्याचा करार आणि ‘लेडी डे’

नांदेड-लातूरकडच्या महाविद्यालयांत इंग्रजीच्या विद्यार्थ्यांपर्यंत व्हिक्टोरियन कालखंड पोचतो तो बहुधा यादीच्या रूपाने. १८३७ ते १९०१, औद्योगिकीकरण, श्रद्धा आणि विज्ञान यांचा झगडा, मध्यमवर्गीय नीतिकल्पना. यादी चुकीची नाही. ती पाठ करून पेपरही सुटतो. पण त्या कालखंडातली काही पुस्तके लंडनपेक्षा लोहा-कंधारला जवळची आहेत, ही गोष्ट त्या यादीत हरवते.

यामागे इतिहास आहे. पुण्या-मुंबईत इंग्रजी कादंबरीचे वाचन एकोणिसाव्या शतकातच रुजले. डिकन्सच्या कादंबऱ्या नियतकालिकांतून क्रमशः येत, तशीच हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मधून आली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ झाले, तेही उर्दू माध्यमाचे. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० चे, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चे. त्यामुळे इथल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरात इंग्रजी पुस्तक पहिल्यांदाच येते. मग गाइडचा आधार वाटणे स्वाभाविक आहे.

आता टॉमस हार्डी घ्या. ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ (१८७४) मधल्या गॅब्रिएल ओकची मेंढरे एका रात्रीत कड्यावरून कोसळून मरतात. विमा नाही, मेंढरांचे पैसे देणे बाकी. सगळे विकून तो देणे फेडतो आणि मजुरांच्या बाजारात उभा राहतो. कालचा शेतकरी आज दुसऱ्याचा गडी. हे समजायला आपल्याकडच्या पोराला तळटीप लागत नाही.

‘टेस’ (१८९१) मध्ये हे अधिक ठळक आहे. शेतमजुरांचे वर्षाचे करार फेब्रुवारीत कँडलमसला ठरतात आणि ६ एप्रिलला, म्हणजे जुन्या ‘लेडी डे’ला, लागू होतात. त्या दिवशी रस्तोरस्ती संसार लादलेल्या गाड्या दिसतात. आपल्याकडे सालगड्याचे साल पाडव्याला ठरते. दिवसही जवळपास तेच. टेसच्या घराचा भाडेपट्टा तीन हयातींचा असतो. तिसरी हयात बापाची. तो मरताच कुटुंब बेघर होते. मुकादमाची उचल घेऊन कारखान्याकडे निघालेली बैलगाडी ज्याने पाहिली आहे, त्याला हे प्रकरण परके वाटत नाही.

भाषेचेही तसेच. टेस शाळेत शिकलेली आहे. घरी ती गावची बोली बोलते, बाहेर शाळेतले इंग्रजी. घरी ‘काय करायलास?’ म्हणणारा आणि वर्गात प्रमाण मराठीशी झुंजून वर पुन्हा इंग्रजीत उत्तर लिहिणारा विद्यार्थी हे ओझे स्वतः वाहतो. आई आणि लेक यांच्यात शिक्षणाने पडलेले अंतरही त्याच्या ओळखीचे आहे.

साम्य दाखवताना फरक मात्र झाकता कामा नये. हार्डीच्या मजुराला गरिबी आणि वर्ग छळतात. आपल्या सालगड्याच्या करारामागे पुष्कळदा जातही असते. तिकडचा मजूर दरवर्षी मालक बदलू लागला, यात हार्डीला ‘द डॉर्सेटशायर लेबरर’ (१८८३) या लेखात तुटलेपणाबरोबर थोडे स्वातंत्र्यही दिसले. उचलीत अडकलेल्या मजुराला ते कितपत मिळते? हा प्रश्न गाइडमध्ये सापडणार नाही. तो विचारू शकतो इथलाच विद्यार्थी.

म्हणून शिक्षकाने यादी जरूर द्यावी, पण तीनंतर. आधी कादंबरीतले एक प्रकरण वर्गात वाचावे आणि विचारावे: तुमच्या गावात साल कधी ठरते? उत्तर मराठीत आले तरी चालेल. तिथून इंग्रजीकडे जाणारी वाट लांबची असेल, पण त्या वाटेने गेलेले पोर पुस्तकापर्यंत पोचते.