कोळ्यापासून हातभर लांब

छोट्या जिवांचे जवळून फोटो काढायला १०० मिमीची मॅक्रो लेन्स असतेच. मग सहज पडणारा प्रश्न असा, की कोळ्यासारख्या एवढ्याशा जिवासाठी पक्ष्यांच्या फोटोंची ३०० मिमी लेन्स कशाला बाहेर काढायची? कोळी चावेल म्हणून लांबून फोटो काढायचा, असं काहींना वाटतं. पण जाळ्यातला कोळी आपणहून माणसाच्या वाटेला जात नाही. अंतर हवं ते त्याच्या सोयीसाठी. त्याच्या दिनक्रमात आपण लुडबुड केली नाही, तरच तो दिनक्रम फोटोत येतो.

सह्याद्रीत पावसाळ्याच्या उत्तरार्धात जायंट वूड स्पायडरची जाळी दिसू लागतात. मादीचं शरीर चार-पाच सेंटीमीटरचं, जाळं मीटरभर रुंद आणि उन्हात पिवळसर सोनेरी चमकणारं. त्याच जाळ्यात कडेला पाच-सहा मिलिमीटरचा नर वावरत असतो. तो तिचं पिल्लू असावं असंच प्रथम वाटतं. या मादीची नजर बेताचीच; जगाची खबर तिला पायांखालच्या धाग्यांच्या कंपनांतून मिळते. आता १०० मिमीची मॅक्रो लेन्स घ्या. एकास एक प्रतिमेसाठी तिचं किमान अंतर साधारण ३० सेंटीमीटर, पण ते मोजतात सेन्सरपासून. कॅमेरा आणि लेन्सची लांबी वजा केली, की भिंगापुढे उरतात जेमतेम चौदा-एक सेंटीमीटर, म्हणजे वीतभरही नाही. एवढ्या जवळ गेलं की हुड एखाद्या आधारधाग्याला लागतो, ट्रायपॉडचा पाय जाळं बांधलेल्या फांदीला टेकतो, श्वासानंही जाळं हलतं. सिग्नेचर स्पायडर तर अशा वेळी जाळं इतकं जोरात हलवतो की त्याची आकृतीच पुसट होते, नाहीतर धागा सोडत सरळ गवतात उतरतो. मग हाती लागतो तो घाबरलेल्या कोळ्याचा फोटो. भक्ष्याला धाग्यात गुंडाळणं, तुटलेला भाग पुन्हा विणणं, नरानं बिचकत जवळ सरकणं हे सगळं त्याआधीच थांबलेलं असतं.

३०० मिमी एफ/४ जातीच्या लेन्स सुमारे दीड मीटरवरून पाव पटीच्या आसपास प्रतिमा देतात. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर पायांसकट कोळी बसवायला तेवढी पुरते. आणखी जवळचं हवं असेल, तर एक्स्टेन्शन ट्यूब इथे फारशी कामाची नाही: ३६ मिमीची ट्यूब ३०० मिमी लेन्सवर पटीत केवळ ०.१२ची भर घालते. त्यापेक्षा पुढे लावायची दोन डायॉप्टरची क्लोज-अप लेन्स बरी. मुख्य लेन्स अनंतावर ठेवली तर ०.६ पट प्रतिमा मिळते आणि कोळी राहतो अर्धा मीटर, म्हणजे हातभर, लांब. सहा बाय चार सेंटीमीटरच्या त्या चौकटीत मादीचं शरीर पुरतं भरतं. शिवाय दृश्यकोन अरुंद असल्यानं मागचा पानांचा पसारा कमी होतो. दोन पावलं सरकून सावलीचा एखादा गडद तुकडा पार्श्वभूमीला निवडता येतो.

लांब लेन्सनं फोकसची खोली घटते, हा आक्षेप टिकत नाही. पट तीच आणि एफ-आकडा तोच असेल, तर खोली जवळपास तेवढीच राहते: ०.६ पटीला एफ/११वर सुमारे तीन मिलिमीटर, लेन्स १००ची असो की ३००ची. हलण्याचा आक्षेप मात्र रास्त आहे. ट्रायपॉड किंवा मोनोपॉड लागतोच, आणि वाऱ्यानं झुलणाऱ्या जाळ्यापुढे तोही हतबल. तिथे सकाळची निवांत वेळ गाठण्यावाचून इलाज नाही. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश हातभर अंतरावरून छोटा आणि कडक होतो, म्हणून तो डिफ्यूझरसह वेगळा, कोळ्याच्या जवळ पण जाळ्याबाहेर धरावा लागतो. हा खटाटोप एकट्याला जमेलच असं नाही.

तिसरा आक्षेप जास्त रंजक आहे. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या एका जातीला तीन मीटरांहून लांबचा आवाज कळतो, असं कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६मध्ये दाखवलं. मग हातभर अंतरानं काय साधणार? लांब लेन्सनं आपण अदृश्य होतो, असा दावाच नाही. तिच्यामुळे टळतात ते धक्का, श्वास आणि अंगावर पडणारी सावली.

पण याच उड्या मारणाऱ्या कोळ्यांपुढे माझा युक्तिवाद लंगडा पडतो, हे मान्य. या कुळातले बरेच कोळी काही मिलिमीटरांचेच असतात; ०.६ पटीला पाच मिलिमीटरचा कोळी सेन्सरवर तीन मिलिमीटर भरेल. त्याच्या समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांतली चमक टिपायला आखूड मॅक्रो लेन्स आणि मऊ फ्लॅशच हवा. त्यात हा प्राणी अनेकदा पळण्याऐवजी वळून लेन्सकडेच बघतो!

तेव्हा मोठ्या जाळ्यांसाठी लांब लेन्स, छोट्या उडीबाजांसाठी आखूड. पक्ष्यांसाठी घेतलेली ३०० मिमी घरात असेल, तर नव्या मॅक्रो लेन्सवर खर्च करण्याआधी क्लोज-अप लेन्स लावून पाहा. घेताना ती दोन भिंगं जोडून केलेली आहे ना आणि तिच्या आट्यांचा व्यास तुमच्या लेन्सशी जुळतो ना, एवढं दुकानातच तपासून घ्या.