स्त्रियांचा मूत्राशय आणि नवी शस्त्रक्रिया

ज्या अवयवाचें नांव चार माणसांत उच्चारण्याचीहि चोरी, त्याला व्याधि जडली म्हणजे रोगाइतकेंच मौनहि घातक ठरतें. मूत्राशयाचा कर्करोग पुरुषांच्या मानानें स्त्रियांस कमी होतो. परंतु वेदना नसतांना मूत्रावाटे रक्त जाणें हें त्याचें नेहमींचें पहिलें लक्षण, आणि नेमकें तेंच स्त्रिया लपवितात. कोणी तें पाळीचें समजतें, कोणी उष्णता झाली म्हणून धन्याचें पाणी घेत बसतें; कधीं मूत्रमार्गाचा दाह समजून औषधें चालू राहतात, आणि महिने लोटतात. यास्तव आमच्या वडखळ-पेणकडील भगिनींनीं हा लेख संकोच सोडून वाचावा, अशी आमची विनंती आहे.

रोग वरवरचा असेल तर मूत्रमार्गांतून दुर्बीण घालून तो खरवडून काढतां येतो. तो स्नायूच्या थरांत शिरला म्हणजे बहुधा सबंध मूत्राशय काढावा लागतो. पूर्वीं स्त्रियांच्या बाबतींत त्यासोबत गर्भाशय, बीजकोश, योनीची पुढची भिंत आणि मूत्रमार्ग हींहि काढीत. मग मूत्राला वाट कोठून द्यावयाची? १९५० सालीं यूजीन ब्रिकर या अमेरिकन शस्त्रवैद्यानें आंतड्याच्या तुकड्याची नळी करून तिचें तोंड पोटावर उघडण्याची रीत प्रसिद्ध केली. ती आजहि रूढ आहे. पोटावर पिशवी बाळगावी लागते, परंतु रीत भरंवशाची आहे.

पुढें स्वित्झर्लंडांत बर्न येथें ऊर्स स्टूडर, जर्मनींत उल्म येथें रिचर्ड हाउटमन प्रभृतींनीं आंतड्याचाच नवा मूत्राशय घडविला. स्टूडर यांच्या रीतींत लहान आंतड्याचा सुमारें ५० ते ६० सेंटिमीटर तुकडा घेऊन त्याचा बहुतेक भाग उभा चिरतात, घड्या घालून पिशवी शिवतात, आणि तिचें तोंड रोग्याच्या मूत्रमार्गासच जोडतात. चिरल्यामुळें आंतड्याचें जोराचें आकुंचन मोडतें व पिशवींतील दाब कमी राहतो. मूत्राशयाच्या मुखाशीं रोग नसेल तर स्त्रीचा मूत्रमार्ग राखतां येतो, हें १९९० नंतरच्या दशकांत स्पष्ट झाल्यावर हा लाभ स्त्रियांसहि मिळूं लागला.

मूत्रावरील ताबा व दांपत्यसुख यांच्याशीं संबंध असलेले सूक्ष्म मज्जातंतु योनीच्या दोहों बाजूंनीं जातात. अमेरिकेंत पॅट्रिक वॉल्श यांनीं १९८२ च्या सुमारास पुरुषांच्या शस्त्रक्रियेंत असे तंतु राखून दाखविले. तोच विचार पुढें स्त्रियांकरितां झाला. मात्र रोग त्या बाजूस पसरला नसेल तरच हें करावें. तंतूंच्या लोभानें रोग मागें ठेवणें हा शहाणपणा नव्हे.

संस्कृतज्ञ वाचकांस येथें सुश्रुत आठवेल. अश्मरीच्या चिकित्सेंत तो शस्त्रापासून जपावयाचीं आठ स्थानें सांगतो. आणि स्त्रियांचा गर्भाशय बस्तीच्या निकट असल्यानें शस्त्र चुकल्यास मूत्र पाझरणारा व्रण होतो, असें बजावतो. प्राचीनांना सर्व ठाऊक होतें असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु काय कापावें याइतकेंच काय राखावें याचें ज्ञान वैद्यास हवें, हा विवेक जुना आहे.

नव्या मूत्राशयाची किंमतहि समजून घ्यावी. भरल्याची पूर्वीसारखी जाणीव होत नाहीं, म्हणून घड्याळ पाहून दर तीन-चार तासांनीं, रात्रींहि उठून, तो रिता करावा लागतो. मूत्रांत आंतड्याचा चिकट स्राव येतो. रक्तांतील आम्लता वाढूं शकते, म्हणून वेळोवेळीं तपासणी हवी. रात्रीं कपडे ओले होण्याचा संभव असतो. उलट कांहीं स्त्रियांचा मूत्राशय पुरता रिता होत नाहीं, त्यांना स्वतः नळी घालावयास शिकावें लागतें. एखादीला यापेक्षां पोटावरील पिशवीच सोयीची वाटेल. तो निर्णय तिचा; पति, मुलगा किंवा जांवई यांनीं दाराबाहेर उभें राहून घेण्याचा नव्हे.

परळचें टाटा रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. त्याच संस्थेची खारघरची शाखा तर आमच्याच रायगड जिल्ह्यांत आहे. मूत्रांत एकदां जरी रक्त दिसलें आणि तें थांबलें, तरी तपासून घ्यावें. सुनेनें सासूस, मुलीनें आईस तसें विचारण्याची पद्धत घरांत पडली, तर पुढील पुष्कळसें संकट दारांतच अडेल.