‘ती चादर’ म्हणजे नेमकी कोणती?

सोलापुरी चादरीच्या दुकानात गिऱ्हाईक मांडणीकडे बोट दाखवून म्हणतं, ‘ती हिरवी चादर काढा हो.’ बोटाच्या टोकाशी असतो टॉवेल. दुकानदार बिनचूक टॉवेलच काढतो. तत्त्वज्ञ मात्र इथेच अडतात: ‘ती चादर’ने टॉवेलचा निर्देश झाला का?

तत्त्वज्ञ डेव्हिड कॅप्लन यांच्या ‘डेमॉन्स्ट्रेटिव्ह्ज’ (१९७७ पासून टंकलिखित फिरलेला, १९८९ला छापलेला) निबंधानुसार ‘ती’, ‘हा’ अशा दर्शक शब्दाचा अर्थ ठरावीक, पण निर्देश प्रसंगागणिक बदलतो. एकदा वस्तू ठरली की विधान थेट तिच्याविषयीच. बोट महत्त्वाचं की बोलणाऱ्याचा हेतू, यावर त्यांनी स्वतःच पुढे मत बदललं आणि हेतूला झुकतं माप दिलं.

या थेट निर्देशावर तत्त्वज्ञ जेफ्री किंग यांचा २००१चा आक्षेप अधिक रोचक. ‘ज्याने ही नक्षी पहिल्यांदा काढली, तो विणकर डोकेबाज असणार.’ समोर कुणी नाही, मनातही ठरावीक माणूस नाही, तरी वाक्य चोख! मग थेट निर्देश कसला?

जाता जाता: सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांची तेलुगू आणि शहरातलीच कन्नड, दोन्हींत जवळच्याला ‘ई’, लांबच्याला ‘आ’. बोट मात्र मराठीसह तिन्ही भाषांना लागतंच.