दहा कोटींत एक दाणा

आमच्या मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात; तेव्हा हिशेबही ज्वारीनेच मांडू. शंभर किलोच्या पोत्यात साधारण तीस लाख दाणे भरतात. अशी तेहतीस पोती एकत्र ओतली आणि त्यांत एकच दाणा विषारी असला, तर तो शोधावा कसा? द्राक्षांतील औषधाचा अंश मोजणारी प्रयोगशाळा जवळपास हेच काम करते. ज्या औषधासाठी युरोपात वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग, एवढीच मुभा असते.

मी कला शाखेचा विद्यार्थी, आणि आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला पहिलाच. माझे वडील हंगामात कासेगावकडच्या द्राक्षबागांत फवारणीला जातात. म्हणून हा विषय विज्ञान शाखेच्या मित्रांवर सोपवून मला स्वस्थ बसवेना.

मोजणी बागेतच सुरू होते. निरनिराळ्या ओळींतील घड घ्यावे लागतात. एकाच वेलीवरून साऱ्या बागेची परीक्षा होत नाही. घडांचा एकजीव लगदा करून त्यात इथाइल अ‍ॅसिटेटसारखा द्रावक घालून घुसळतात. औषधाचा अंश द्रावकात उतरतो. तो अर्क स्वच्छ करून यंत्राच्या बारीक नळीतून सोडतात. वारीत दिंड्या एकामागून एक याव्यात, तशी त्यातील द्रव्ये वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. मग यंत्र रेणूंचे तुकडे करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळख पटवते. प्रमाण ठरवण्यासाठी आधी ठाऊक प्रमाणाचे द्रावण तपासलेले असते. तराजूला जशी प्रमाणित वजने! शिसे, आर्सेनिक अशी मूलद्रव्ये मोजताना मात्र नमुना तीव्र नत्राम्लात विरघळवतात. आम्लाने बाकीचा पदार्थ मोडतो, मूलद्रव्य नाहीसे होत नाही.

अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहिले, तर त्याचा अर्थ ‘मुळीच नाही’ असा होत नाही. यंत्राच्या नजरेत भरेल इतके नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय यंत्राला जे विचारावे, तेवढेच ते सांगते. २००३ साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत मिथोमिल व अ‍ॅसिफेट यांचे अंश सापडले. त्यानंतर निर्यातीपूर्वी तपासणीची व्यवस्था उभी राहिली आणि पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे तिची तांत्रिक धुरा आली. तरीही २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतील ‘सीसीसी’मुळे, माल परदेशी अडकला. तपासायच्या द्रव्यांच्या आपल्या यादीत ते नावच नव्हते! यंत्रे होती, तज्ज्ञ होते. प्रश्न तेवढा विचारायचा राहिला होता.

मित्रहो, असाच एक प्रश्न मला छळतो. घडाचा अहवाल खाणाऱ्याची काळजी वाहतो. फवारणाऱ्याच्या अंगावर किती उडाले, हे तो सांगत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांचा परिणाम रक्तातील कोलिनेस्टरेज या विकराच्या तपासणीने कळू शकतो. तेव्हा हंगामाच्या आधी एकदा आणि हंगामात एकदा मजुराचे रक्त तपासणे अशक्य नाही. दहा कोटींतला एक दाणा हुडकणारे शास्त्र आपल्यापाशी आहे. पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाचे नाव त्याच्या यादीत कधी लिहिणार, एवढेच ठरायचे आहे.