उभ्या फुग्यातली आडवी अक्षरं

जपानी चित्रकथेतला बोलण्याचा फुगा उभा असतो. जपानी मजकूर वरून खाली लिहितात, ओळी उजवीकडून डावीकडे सरकतात, म्हणून चित्रकार फुगाही तसाच काढतो: अरुंद, उंच, कधी चौकटीच्या कडेला अंग चोरून उभा. त्याच फुग्यात आडवी लिपी बसवायची म्हटलं, की एका ओळीला जेमतेम एका-दोन शब्दांची रुंदी मिळते. माझं काम त्या रुंदीत चालतं. चित्रकाराचं चित्र तयार असतं, अनुवादकाचे शब्द आलेले असतात; ते शब्द त्या चित्रात बोलते करायचे. धंद्यात याला लेटरिंग म्हणतात.

मी राहते कुरुळीत. मोशीनंतर इंद्रायणी ओलांडली की पुणे-नाशिक महामार्गावर आधी चिंबळी फाटा, मग कुरुळी, पुढे आळंदी फाटा आणि चाकण. डाव्या हाताला निघोज्याच्या अंगाला महिंद्राचा कारखाना, पलीकडे फोक्सवॅगन, आणि या मोठ्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लहान कारखाने. गावातल्या नव्या इमारतींमध्ये लातूर, बीड, नांदेडहून आलेली मुलं खोल्या करून राहतात. एकाची शिफ्ट सुटते तेव्हा दुसऱ्याची भरते. माझ्याकडे परदेशी प्रकाशकाच्या पानांच्या फायली इंटरनेटवरून येतात, त्यामुळे टेबल कुठल्या गावात आहे याला महत्त्व नाही. गुरुवार तेवढा सांभाळावा लागतो. त्या दिवशी औद्योगिक पट्ट्याची सुट्टी, आणि देखभालीसाठी वीजही बहुधा त्याच दिवशी जाते. म्हणून पाठवायची पानं बुधवारी रात्री पूर्ण करायची.

मांगाचा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, एक खंड साधारण 180 ते 200 पानांचा. सुदैव असेल तर मूळ अक्षरं वेगळ्या थरावर येतात आणि एका टिचकीत नाहीशी होतात. नसेल तर फुगे पुसायचे, आणि जिथे अक्षरं थेट चित्रावर आहेत तिथे अक्षरांखालचं चित्र नव्याने काढायचं. मांगातली करडी छटा बारीक काळ्या ठिपक्यांची असते. पान चुकीच्या मापात लहान-मोठं केलं की ते ठिपके एकमेकांत अडकून लाटा उठतात, आणि नायिकेच्या गालावर जाळी दिसते. पुसण्याचं काम वाचकाला कधीच दिसत नाही. दिसलं तर ते बिघडलेलं असतं.

जपानमध्येही पूर्वी ही अक्षरं हातानेच पानावर यायची. चित्रकार संवाद पेन्सिलीने लिहून देई, संपादक आकार नेमून देई, आणि छायाक्षरयंत्रावर उमटलेल्या मजकुराचे तुकडे कापून मूळ चित्रावर चिकटवले जात. त्या यंत्राचा शोध इशिई मोकिची आणि मोरिसावा नोबुओ यांचा, 1924 सालचा. आजही मांगाच्या संवादात काना अक्षरं एका वळणाची आणि कांजी दुसऱ्या वळणाची वापरतात. मऊ आणि ठसठशीत वळणं शेजारी बसली की ओळ पटकन वाचता येते. त्यांनी आपल्या वाचकाच्या डोळ्याचा एवढा विचार केला आहे, हे पाहून मला आपल्या अक्षरांची जास्त काळजी वाटू लागली.

कारण मराठीत आपण हे काम फारसं मनावर घेतलं नाही. 1964 साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समुळे ली फॉकचा वेताळ मराठीत बोलू लागला आणि दोन पिढ्यांनी तो जीव लावून वाचला. पण ते फुगे इंग्रजी कॅपिटल अक्षरांच्या मापाने काढलेले होते. मांगाचीही इकडे एक जिद्दी खेप झाली आहे. युकिची यामामात्सू नावाचे जपानी चित्रकार 2004 साली दिल्लीत आले, हिरोशी हिराता यांची एक सामुराईकथा त्यांनी हिंदीत करवून घेतली आणि ती स्वतः रस्त्यावर उभं राहून विकली. तो सगळा अनुभव त्यांनी पुढे चित्रकथेतच मांडला आणि चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने तो इंग्रजीत आणला. देवनागरीतली मांगा विकण्यासाठी एक माणूस भाषा येत नसताना एवढ्या लांब आला, ही गोष्ट मी मनात धरून आहे.

माझ्यापर्यंत देवनागरी लेटरिंगचं काम आलं ते मात्र पुस्तकातून नाही, कारखान्यातून.

जपानी पद्धतीने चालणाऱ्या कारखान्यांत केवायटी नावाचा प्रकार असतो: किकेन योची, म्हणजे धोका आधीच ओळखण्याचा सराव. 1974 साली सुमितोमो मेटल कंपनीत तो सुरू झाला. शिफ्टच्या आधी पाच-सहा जण एका चित्रासमोर उभे राहतात. चित्रात कोणी शिडीवर चढलेला, कोणी प्रेस मशीनशी वाकलेला. यात धोका कुठे आहे, सगळ्यांत मोठा कोणता, आपण काय करायचं, आणि आज नेमकं काय पाळायचं, हे चार टप्प्यांत बोलून ठरवायचं आणि शेवटी बोट रोखून मोठ्याने म्हणायचं. या चित्रांसोबत चार चौकटींच्या छोट्या गोष्टीही असतात. आमच्या इमारतीतला एक सुपरवायझर अशा काही शीट घेऊन आला. चित्रं जपानी, फुगे उभे, आणि मराठी अनुवाद वेगळ्या कागदावर. "ताई, तुम्ही जपानी कॉमिकचं काम करता ना? हे आमच्या पोरांना वाचता येईल असं करून द्या."

चार चौकटींची गोष्ट एकाखाली एक असते, त्यामुळे चौकटींच्या क्रमाचा घोळ होत नाही. घोळ होतो चौकटीच्या आत. जपानी वाचक उजवा फुगा आधी वाचतो, आपण डावा. डाव्या फुग्यात "हात अडकला असता!" आणि उजव्यात "थांब!" असेल, तर मराठीत आधी हात अडकतो आणि मग इशारा मिळतो. यावर सोपा उपाय म्हणजे चित्र आरशातल्यासारखं उलटवणं. अमेरिकेत सुरुवातीची मांगा अशीच निघाली. 1988 साली आलेली 'अकिरा'ही उलटवलेली होती. त्यात माणसं डावखुरी होतात आणि सामुराईची तलवार डाव्या कमरेवरून उजव्या कमरेला जाते. 2002 नंतर टोक्योपॉप या प्रकाशनाने मूळ उजवीकडून वाचायची पद्धत रुजवली आणि वाचक तिला सरावले. कथेत चित्र उलटवणं एक वेळ चालून जातं. सुरक्षेच्या शीटमध्ये चित्र उलटवलं तर इमर्जन्सीचं लाल बटण मशीनच्या दुसऱ्या बाजूला जातं. घाबरलेल्या क्षणी माणसाचा हात चित्रात पाहिलेल्या बाजूला जाणार. तिथे बटण नसेल तर?

म्हणून चित्राला हात लावायचा नाही. फुगे उचलायचे, त्यांच्या जागा बदलायच्या, शेपट्या पुन्हा ज्याच्या त्याच्या तोंडाकडे वळवायच्या, आणि फुगा हलल्यावर उघडी पडलेली भिंत, पाईप, मशीनची बाजू काढून भरायची. एका चौकटीला यात कधी अख्खी दुपार जाते. मला ती दुपार वाया गेलीशी वाटत नाही.

मग अक्षरं. इंग्रजी लेटरिंगमध्ये सगळी कॅपिटल अक्षरं सारख्या उंचीची, ओळी एकमेकींना खेटून बसतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसू नये म्हणून ओळींमध्ये अंतर जास्त ठेवावं लागतं. इथे उभा फुगा आपल्या कामी येतो, कारण त्याच्याकडे उंची भरपूर असते. पाश्चात्त्य कॉमिकच्या आडव्या, बसक्या फुग्यात मराठी गुदमरते; जपानी फुग्यात तिला वर-खाली हातपाय पसरता येतात. अडचण फक्त रुंदीची. मराठी शब्दाला प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं चिकटत जातात आणि तो लांबत जातो. जुन्या पोथ्यांत अक्षरं सलग लिहीत, कडेला पोचलं की शब्द तिथेच तोडून पुढच्या ओळीत नेत. वाचणाराही सावकाश, मोठ्याने वाचत असे. शिफ्टला उशीर होत असलेल्या माणसाकडून ती अपेक्षा करता येत नाही.

अनुवादाच्या कागदावर होतं, "पर्यवेक्षकांच्या परवानगीशिवाय संरक्षक आवरण उघडू नये." हे कुठल्याच फुग्यात मावणार नव्हतं आणि लाईनवर कोणी असं बोलतही नाही. सुपरवायझरला समोर बसवून आम्ही ते सोडवलं. "साहेबांना / विचारून / गार्ड उघड." तिन्ही ओळी फुग्याच्या रुंदीत बसल्या. मात्र माझा सगळ्यांत जास्त वेळ गेला तो एका छोट्या वाक्यावर: "मशीनमध्ये हात घालू नको." मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. अरुंद फुग्यात ओळी आपोआप पडू दिल्या तर होतं असं: "मशीनमध्ये / हात घालू / नको." ओझरती नजर टाकणारा पहिल्या दोन ओळी वाचतो आणि पुढे जातो. त्याने वाचलं, "मशीनमध्ये हात घालू". नकार तिसऱ्या ओळीत एकटा, सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत अरुंद जागी. फुगा खाली निमुळता होत जातो, त्यामुळे तो शब्द लहानही दिसतो. मी ते केलं, "नको! / आत हात / घालू नको!" पहिला शब्द ठळक आणि मोठा, शेवटी 'घालू' आणि 'नको' एकाच ओळीत बांधलेले. ओळ कुठे तोडायची हा लेटरिंगमधला सगळ्यांत मोठा निर्णय आहे असं मी कायम मानत आले. इथे तो निर्णय कुणाच्या तरी बोटांशी जोडलेला होता.

ओरडणं दाखवायला इंग्रजीत अक्षरं ताणतात, मध्ये जागा सोडतात. देवनागरीत अक्षरांमध्ये जागा सोडली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. कमानीवर बसवलं तर शिरोरेषेच्या पायऱ्या होतात. म्हणून जोर आकाराने आणि जाडीने द्यायचा. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'बलू' मोठ्या आवाजाला छान बसतो, त्यांचाच 'मुक्ता' साध्या बोलण्याला. इंडियन टाइप फाउंड्रीचा 'कलम' हाताने लिहिल्यासारखा, तो मनातल्या विचारांसाठी. ल आणि श मराठी वळणाचे यावेत म्हणून भाषा मराठी निवडून पाहायची, 'दुसऱ्या'तला अर्धा र नीट उमटतो का ते पाहायचं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये मजकुराचं इंजिन दक्षिण आशियाई लिपींचं निवडलेलं नसेल, तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात. महामार्गावरच्या कितीतरी फ्लेक्सवर हेच झालेलं दिसतं. छपाईला जाण्याआधी सगळी अक्षरं आकृतीत बदलून टाकायची, म्हणजे पुढच्या कॉम्प्युटरवर काही हलत नाही.

आवाजांना मात्र फॉन्ट चालत नाही. मांगात आवाज हे चित्रच असतं, आणि मराठीकडे धाडकन, खाडकन, सर्रकन, धप्प असा खजिना आहे. नाटकांची शीर्षकं रेखाटणारे कमल शेडगे (1935–2020) नाटकाचं नाव त्या नाटकाच्या स्वभावाने काढायचे; शिरोरेषा कधी सरळ, कधी फाटलेली, कधी नाहीच. प्रेस खाली येते त्या चौकटीत 'धप्प' काढताना मी शिरोरेषा मशीनच्या वरच्या डायइतकी जाड केली आणि अक्षरं तिच्याखाली दाबली गेलेली. त्यासाठी शेडग्यांची नाटकाची शीर्षकं समोर ठेवून बसले होते.

शीट लॅमिनेट होऊन लाईनवर गेली त्याआधी सुपरवायझरने मला शिफ्ट बदलताना आत नेलं. टेबलावर नाकासमोर धरून वाचणं वेगळं आणि तीन-चार फुटांवरून, ओरखडे पडलेल्या गॉगलमधून, पत्र्याच्या शेडच्या उजेडात वाचणं वेगळं. एक मुलगा म्हणाला, "ताई, मोठं दिसतंय, पण हे खालचं बारीक गॉगल काढूनच वाचावं लागंल. आणि गॉगल काढायचा नाही असं वरच लिहिलंय." खालची टीप मी तिथेच काढून टाकली आणि तिच्यातला कामाचा भाग चौथ्या चौकटीत नेला. हिंदी शीट शेजारीच लागणार होती, तिच्या ओळी मराठीशी समोरासमोर याव्यात म्हणून तीही नव्याने बसवली.

पुण्यात जपानी शिकणारी माणसं भरपूर आहेत. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा इथे जुलैत आणि डिसेंबरात होते, आणि दर वेळी आमच्या भागातल्या कंपन्यांतलेही काही जण ती देतात. म्हणजे मराठी मांगाला अनुवादक मिळतील. इंग्रजी मांगाच्या खंडात अनुवादकाच्या नावाखाली लेटररचं नाव छापलेलं असतं आणि त्याला पानामागे पैसे मिळतात. मराठीत पहिला खंड काढू पाहणाऱ्या प्रकाशकाने ही रक्कम सुरुवातीपासून धरावी आणि अनुवादकाला अक्षरं बसवणाऱ्याच्या शेजारी बसवावं. त्यांनी आधी दहा पानं तयार करावीत. ती एखाद्या आठवीतल्या मुलाला आणि एखाद्या ऑपरेटरला वाचायला द्यावीत, आपण गप्प बसावं, आणि तो कुठल्या फुग्यावर अडखळतो ते पेन्सिलीने खूण करत जावं. मग उरलेल्या पानांचा अनुवाद हाती घ्यावा.