लेजर मिटले, जबाबदारी उरली

१ एप्रिल २०१० रोजी देशातल्या बँकांच्या बचत खातेदारांच्या पदरात एक न्याय पडला, पण त्याची फारशी चर्चा झाली नाही. तोवर बचत खात्यावरचे व्याज मिळे ते महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर. महिनाभर खात्यात ५०,००० रुपये आहेत आणि २८ तारखेला घरच्या लग्नासाठी ४८,००० काढले, तर त्या महिन्याचे व्याज उरलेल्या २,००० वरच. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने त्या दिवसापासून रोजच्या शिलकेवर व्याज मोजले जाऊ लागले. जुना नियम हा हाताने हिशेब ठेवण्याच्या काळाचा नियम होता. शाखेतल्या हजारो खात्यांची रोजची शिल्लक धरून व्याज काढणे कारकुनाच्या आवाक्याबाहेरचे होते. बँका संगणकावर आल्या, म्हणून तो नियम बदलता आला. यंत्राने बँकेला काय दिले असे कुणी विचारले, तर मी आधी हे उदाहरण सांगतो, कारण इथे वाचलेल्या कष्टाचा लाभ थेट खातेदाराच्या खात्यात जमा झाला.

हे घडायला सुमारे पंचवीस वर्षे लागली. त्याआधीची शाखा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पितळी टोकन आठवत असेल. पैसे काढायचे तर स्लिप द्यायची, टोकन घ्यायचे आणि बाकावर बसायचे. आत ती स्लिप लेजर कीपरकडे जाई. तो जाडजूड लेजरमधले पान काढून सही पडताळे, शिलकेतून रक्कम वजा करी. मग अधिकारी ती नोंद तपासून आद्याक्षरी करी आणि स्लिप रोखपालाकडे पोचे. एका स्लिपवर तीन-चार माणसांची नजर फिरे. संध्याकाळी काउंटर बंद झाले की खरे काम सुरू व्हायचे. दिवसभराची व्हाउचरे, डे बुक, जनरल लेजर, सगळे एकमेकांशी जुळले पाहिजे. महिनाअखेरीला प्रत्येक लेजरमधल्या सर्व खात्यांच्या शिलकांची बेरीज जनरल लेजरमधल्या आकड्याशी टॅली करायची. ती जुळली नाही की 'फरक' शोधण्यासाठी रात्र जागवायची.

त्या शोधाचेही एक शास्त्र होते. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर कुणाच्या तरी हातून आकड्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता मोठी. ४५० च्या जागी ५४० लिहिले तर फरक ९० चा. फरकाला २ ने भाग जात असेल, तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधायची, कारण नावे टाकायची रक्कम जमेला गेलेली असू शकते. ही विद्या पुस्तकात कुणी शिकत नसे. हाताखाली नवीन आलेल्याला जुना कारकून ती शिकवायचा. या माणसांविषयी मला आजही मनापासून आदर वाटतो. सामान्य माणसाची पै-पै त्यांनी निळ्या-लाल शाईत आणि तोंडी हिशेबावर सांभाळली.

१९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर शाखा खेड्यापाड्यांत पोचल्या, खाती वाढली आणि हाताचे काम हाताबाहेर जाऊ लागले. लेजर जुळवणे महिनोन्‌महिने मागे पडे, शाखा-शाखांमधले हिशेब त्याहून मागे. १९८३ मध्ये बँक व्यवस्थापनांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. मग मोठ्या शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रे बसली. मुंबईत चेक क्लिअरिंगसाठी चेकच्या तळाशी चुंबकीय शाईतले आकडे वाचणारी यंत्रे आली. पुढे १९८७ आणि १९९३ मध्ये आणखी करार झाले.

या काळात कर्मचारी संघटनांनी संगणकाला आंधळा विरोध केला, असे आज सरसकट म्हटले जाते. ते मला अन्यायाचे वाटते. नोकऱ्या जातील ही भीती खरी होती, आणि बेकारीच्या त्या काळात ती बोलून दाखवणे हे संघटनेचे कर्तव्यच होते. त्यांनी यंत्रे किती, कुठे, कोणत्या कामासाठी आणि ती चालवणाऱ्याला कोणता भत्ता, हे एकेक करून वाटाघाटीत ठरवून घेतले. त्यामुळे वेग मंदावला हे खरे. पण त्याच वाटाघाटींमुळे पन्नाशीला आलेल्या लेजर कीपरला घरी न पाठवता यंत्रापुढे बसवून शिकवले गेले. की-बोर्डवर एका बोटाने अक्षर शोधणारी ती माणसे वर्षभरात सफाईने पोस्टिंग करू लागली. हिशेब त्यांना येतच होता, बदलले होते ते फक्त साधन.

पुढची दहा वर्षे मात्र सगळे घाईत घडले. १९९४-९५ च्या सुमारास नव्या खासगी बँका पहिल्या दिवसापासून संगणकावरच सुरू झाल्या आणि जुन्या बँकांना स्पर्धा जाणवू लागली. १९९२ च्या रोखे घोटाळ्याने हाताने ठेवलेल्या नोंदींच्या फटी उघड्या पाडल्या होत्या. केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी तर सरकारी बँकांना २००१ उजाडण्याआधी ७० टक्के व्यवसाय संगणकावर आणायला सांगितले. गैरव्यवहार रोखण्याचा उपाय म्हणून दक्षता आयोगाने संगणकाचा आग्रह धरावा, ही मोठी गोष्ट होती. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने बँकेच्या संगणकीय नोंदींना पुरावा म्हणून मान्यता दिली. त्याच सुमारास स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. फरक शोधण्याचे ते शास्त्रही त्यांच्याबरोबर गेले.

मग कोअर बँकिंग आले आणि शाखेचा संगणक मध्यवर्ती सर्व्हरला जोडला गेला. एखाद्या शाखेचे 'मायग्रेशन' शनिवार-रविवारी चाले. त्याआधी कित्येक आठवडे जुन्या नोंदी साफ करायच्या. कुठे जन्मतारीख नाही, कुठे एकाच माणसाची तीन वेगवेगळी नावे, कुठे अंगठ्याचा ठसा आणि पत्ता म्हणून फक्त गावाचे नाव. सोमवारी सकाळी शाखा उघडली की पहिला प्रश्न एकच, 'लिंक आहे का?' पण त्या दिवसापासून खातेदार हा शाखेचा न राहता बँकेचा झाला. साताऱ्याचे खाते नागपुरात चालू लागले. बाहेरगावचा चेक वटायला लागणारे आठवडे संपले. २००४ मध्ये आरटीजीएस, २००५ मध्ये एनईएफटी आणि २०१६ मध्ये यूपीआय आले. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस दिवसरात्र चालते. सुट्टीच्या दिवशी, मध्यरात्रीही पैसे पोचतात.

या सगळ्यात शाखेच्या हातून एक गोष्ट निसटली. हिशेब शाखेत होता तेव्हा त्याचे उत्तरही शाखेत होते. आज एखादी म्हातारी पासबुक घेऊन येते, 'हे २३६ रुपये कशाचे गेले?' म्हणून विचारते आणि काउंटरवरचा तरुण प्रामाणिकपणे सांगतो, 'आजी, सिस्टिमने कापले.' त्याला खरेच माहीत नसते. ती वजावट दूरच्या कुठल्या तरी नियमावलीनुसार आपोआप झालेली असते. पासबुकही बदलले. हाताने मराठीत भरलेल्या पासबुकातले 'रोख जमा' गेले आणि इंग्रजी संक्षेप आले. ते खातेदाराला कळत नाहीत आणि पुष्कळदा कर्मचाऱ्यालाही उलगडत नाहीत. बेरीज अचूक झाली, पण समजावून सांगणे मागे पडले.

जोखमीचे स्वरूपही बदलले. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, काही रक्कम हाँगकाँगला वळवली गेली आणि एकूण ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. हे सगळे दोन-तीन दिवसांत झाले. लेजरच्या काळात एका स्लिपवर तीन-चार नजरा फिरत. त्या नजरा आता सर्व्हरच्या पातळीवर हव्यात, आणि त्यासाठी सुरक्षेवर खर्च करण्याची ऐपत लहान सहकारी बँकांमध्ये उभी करावी लागेल.

ही आठवण आज काढायचे कारण असे की हा प्रवास अजून संपलेला नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. आपल्या गावातली विकास सोसायटी ती हीच. मोठ्या शाखा तीस-चाळीस वर्षांपूर्वी ज्या वळणावर होत्या, तिथे आज सोसायटीचा हिशेब सांभाळणारा आपला गटसचिव उभा आहे. बँकांचा अनुभव त्याच्या कामी यावा, अशी माझी कळकळीची इच्छा आहे. जुन्या खतावणीतल्या बाक्या सभासदांना वाचून दाखवून, त्यांची खात्री झाल्यावरच संगणकात चढवाव्यात. पावती आणि खातेउतारा मराठीत निघावा. सचिवाला नुसते बटण दाबायला न शिकवता व्याज कसे लागले ते शिकवावे. आणि चूक झालीच, तर ती दुरुस्त करण्याचा अधिकार कुणाकडे आहे, ते सोसायटीच्या भिंतीवर लिहिलेले असावे. बँकांना उशिरा समजलेल्या या चार गोष्टी सोसायट्यांना पहिल्या दिवसापासून करता येतील, आणि त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही.